आउटलेटच्या पलीकडे काय आहे? सीएफडीमधली सगळ्यात दुर्लक्षित सीमा

सीएफडी म्हणजे प्रवाहाचं संगणकावर केलेलं गणित. पाइपातलं पाणी असो, इमारतीभोवतीचा वारा असो किंवा धमनीतलं रक्त, पद्धत तीच. जागेचे लाखो बारीक तुकडे करायचे, म्हणजे मेश बनवायचा, आणि प्रत्येक तुकड्यात किती द्रव आला, किती गेला, त्याला किती जोर लागला याचा हिशोब जुळवायचा. हा हिशोब नेव्हिए-स्टोक्स समीकरणं सांगतात. पण ती फक्त आतलं सांगतात. कडेला काय चाललंय हे आपल्याला सांगावं लागतं, आणि त्यालाच बाउंडरी कंडिशन म्हणतात.

भिंतीचं सोपं असतं. द्रव भिंतीला चिकटतो, तिथे वेग शून्य. इनलेटवरही, म्हणजे द्रव आत येतो तिथे, आपल्याला बहुतेक वेळा काही ना काही माहीत असतं: पंप किती लिटर देतो, वाऱ्याचा वेग किती मोजला. आउटलेटवर, म्हणजे तो बाहेर पडतो तिथे, मात्र हाताशी काहीच नसतं. तिथे खरं तर पाइप संपत नाही, नदी संपत नाही, धमनीही संपत नाही. संपते ती आपल्या संगणकाची ताकद आणि आपल्याकडचा वेळ. म्हणून आपण एक रेघ मारतो आणि पलीकडचं सगळं टाकून देतो.

मला या लेखात एवढंच पटवून द्यायचं आहे: आउटलेटवर आपण जे लिहितो ते त्या टाकून दिलेल्या भागाबद्दलचं विधान असतं. सॉफ्टवेअरच्या ड्रॉपडाउनमधून ‘प्रेशर आउटलेट, शून्य’ (आउटलेटवर दाब शून्य) निवडलं की आपण पलीकडच्या जगाबद्दल एक ठाम गोष्ट बोललेलो असतो. ती खरी आहे का, हे सॉफ्टवेअर विचारत नाही. ते आपणच विचारायचं असतं.

दाबच का द्यायचा?

पाणी, किंवा कमी वेगाने वाहणारी हवा, व्यवहारात दाबली जात नाही असंच धरतात. म्हणजे प्रत्येक क्षणी जेवढं आत आलं तेवढंच बाहेर गेलं पाहिजे. आता इनलेटवर वेग दिला, आउटलेटवरही वेग दिला आणि दोन्हींच्या हिशोबात अर्ध्या टक्क्याचा फरक राहिला, तर ते जास्तीचं पाणी जाणार कुठे? साठायला जागाच नाही. सॉल्व्हर, म्हणजे समीकरणं सोडवणारा प्रोग्राम, धडपडत राहतो आणि वस्तुमानाचा रेसिड्युअल, म्हणजे हिशोबात उरलेली चूक, एका ठिकाणी अडकून बसतो. म्हणून एका टोकाला वेग आणि दुसऱ्या टोकाला दाब ही जोडी रूढ झाली. आउटलेटवरचा वेग मग आतूनच ठरतो. त्याचा प्रवाहाच्या दिशेचा उतार, म्हणजे अंतराप्रमाणे होणारा बदल, शून्य धरतात. शेवटच्या पेशीत (मेशच्या तुकड्यात) जे आहे ते तसंच बाहेर जाऊ दे, एवढाच त्याचा अर्थ.

दुसरं कारण असं, की या समीकरणांत दाब थेट येतच नाही, त्याचा उतार येतो. सगळीकडचा दाब एकदम हजार पास्कलने वाढवला तरी प्रवाह तसूभरही बदलत नाही. म्हणून कुठेतरी एक खुंटी ठोकावी लागते, आणि ती सहसा आउटलेटवर ठोकतात. तिथला शून्य म्हणजे निर्वात पोकळी नव्हे. आपण ठरवलेल्या संदर्भापेक्षा शून्य जास्त, बहुधा वातावरणाच्या दाबाइतका. ओपनफोम हे सीएफडी सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावं: त्याच्या असंकुचनीय (द्रव दाबला जात नाही असं धरणाऱ्या) सॉल्व्हरमध्ये दाब घनतेने भागलेला असतो. पाण्याचे १००० पास्कल तिथे १ असे लिहावे लागतात.

यातूनच एक परिणाम निघतो, जो फारसा कुणी शिकवत नाही. द्रव दाबला जात नाही असं धरणं म्हणजे त्यातला ध्वनीचा वेग अनंत धरणं. मग दाबाची बातमी पूर्ण डोमेनमध्ये, म्हणजे गणितात घेतलेल्या सगळ्या जागेत, त्याच क्षणी पोचते. आउटलेटवर केलेली चूक आउटलेटपाशी थांबत नाही. इनलेटजवळच्या पेशीलाही ती लगेच जाणवते, फक्त अंतराप्रमाणे तिचा जोर कमी होतो. ‘आउटलेट लांब आहे, तिथे काही का असेना’ हे वाक्य म्हणून बेताने वापरावं. लांब म्हणजे किती लांब, हे प्रवाह ठरवतो.

एकसारख्या दाबाचा दावा

आउटलेटच्या पूर्ण छेदावर दाब शून्य, असं लिहिताना आपण दोन गोष्टी बोलतो. एक, दाबाची पातळी. दुसरी, तो छेदभर सारखा आहे. पहिलीकडे सगळ्यांचं लक्ष असतं, चूक दुसरीत होते.

छेदभर दाब सारखा असायला प्रवाहरेषा सरळ आणि समांतर हव्यात. रेषा वळल्या की बाहेरच्या बाजूला दाब जास्त आणि आतल्या बाजूला कमी असलाच पाहिजे, नाहीतर द्रव वळणारच नाही. पाइपाच्या कोपरानंतर लगेच आउटलेट ठेवलं, तर तो नैसर्गिक फरक आपण जबरदस्तीने पुसून टाकतो आणि वळणातला वेगही बिघडवतो.

गरगर फिरणाऱ्या प्रवाहात तर हे ठळक दिसतं. समजा १० सेंटिमीटर त्रिज्येच्या पाइपात पाणी घन चाकासारखं फिरतंय आणि भिंतीजवळ फिरण्याचा वेग सेकंदाला ५ मीटर आहे. मग भिंतीपाशी दाब मध्यापेक्षा १२,५०० पास्कलने जास्त असायला हवा. आउटलेटवर सगळीकडे शून्य लिहिलं की सॉल्व्हरला हा फरक शेवटच्या काही पेशींत मिटवावा लागतो. मग मध्यभागी पाणी एक तर उसळून पुढे जातं किंवा उलटं आत शिरतं, आणि दोन्ही खोटं असतं. जलविद्युत टर्बाइनच्या ड्राफ्ट ट्यूबचं (टर्बाइनमधून पाणी बाहेर नेणाऱ्या नळीचं) किंवा सायक्लोनचं (हवा गरगर फिरवून धूळ वेगळी करणाऱ्या यंत्राचं) गणित करणाऱ्यांना हा अनुभव नक्की आला असेल. फ्लुएंट या सॉफ्टवेअरमध्ये यासाठी त्रिज्येप्रमाणे दाब बदलू देणारा रेडियल इक्विलिब्रियमचा पर्याय आहे. दुसरा मार्ग म्हणजे फक्त सरासरी दाब बांधायचा आणि छेदावरचा आकार प्रवाहाला ठरवू द्यायचा. माझ्या मते शंका असेल तिथे सरासरीचा पर्याय बरा. तो कमी बोलतो, म्हणून कमी खोटं बोलतो.

गुरुत्वाकर्षणाचंही तेच. उभ्या आउटलेटवर पाण्याची खोली १ मीटर असेल तर तळाशी दाब वरच्यापेक्षा सुमारे ९,८०० पास्कल जास्त. तिथे सरसकट शून्य लिहिलं तर तळाचं पाणी तोफेतून सुटल्यासारखं बाहेर पडेल. म्हणून अशा सॉल्व्हरमध्ये खोलीमुळे येणारा दाब वेगळा काढून उरलेल्या दाबावर अट लावतात.

रेघ कुठे मारायची: पायरीचं उदाहरण

या विषयातला जुना कसोटीचा प्रश्न म्हणजे बॅकवर्ड फेसिंग स्टेप. एक सपाट चॅनेल, त्याच्या सुरुवातीला खालचा अर्धा भाग बंद. प्रवाह वरच्या अर्ध्यातून येतो आणि एकाएकी खालची जमीन संपते. कोपऱ्यावर प्रवाह सुटतो, पायरीच्या पाठीमागे भोवरा तयार होतो आणि काही अंतरावर प्रवाह पुन्हा जमिनीला टेकतो. १९८३ मध्ये आर्माली, डर्स्ट, परेरा आणि श्योनुंग यांनी याचे सविस्तर प्रयोग प्रसिद्ध केले. १९९० मध्ये अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेतल्या डेव्हिड गार्टलिंग यांनी याच आकाराचा एक द्विमितीय नमुना खास आउटलेटची अट तपासण्यासाठी मांडला.

त्यातले आकडे जवळून बघण्यासारखे आहेत. चॅनेलची उंची १ धरायची, पायरी तिच्या निम्मी. रेनॉल्ड्स संख्या (प्रवाहाचा जोर आणि द्रवाचा चिकटपणा यांचं गुणोत्तर) ८००. खालचा भोवरा पायरीपासून ६.१ उंचीपर्यंत पसरतो. पण गोष्ट इथे संपत नाही. वर, छतालाही एक भोवरा चिकटलेला असतो, तो ४.८५ ला सुरू होतो आणि १०.४८ ला संपतो. गार्टलिंग यांनी डोमेन ३० उंचीपर्यंत नेलं. तिथे पोचेपर्यंत वेगाचा आकार पुन्हा नीटस परवलय होत आलेला असतो. आत येताना प्रवाह अर्ध्या उंचीतून येतो, म्हणून बाहेर जाताना सरासरी वेग निम्मा होतो. इनलेटचा सरासरी वेग १ असेल तर आउटलेटच्या मध्यावर कमाल वेग ०.७५ यायला हवा. स्वतःचं काम पडताळायला याहून स्वस्त तपासणी नाही.

आता हेच डोमेन ७ उंचीवर कापून बघा. खालचा भोवरा संपलेला आहे, त्यामुळे वरवर पाहता सगळं ठीक. पण छताच्या भोवऱ्याच्या मधोमध कात्री चालली. त्या भोवऱ्यात छताजवळचा द्रव उलटा वाहतो, म्हणजे आउटलेटच्या वरच्या भागातून द्रव आत यायला हवा. तो कुठून येणार? पलीकडे तर आपण काहीच ठेवलेलं नाही. शिवाय तिथे रेषा वळलेल्या, म्हणजे छेदभर सारखा दाब हेही खोटं. छताचा भोवरा बिघडला की मुख्य प्रवाह वेगळ्या उंचीवरून जातो आणि खालच्या भोवऱ्याची लांबीही हलते. मोजायचं होतं खालचं, बिघडवलं वरच्याने.

म्हणून पायरीपासून, खांबापासून किंवा इमारतीपासून अमुक पट अंतर हा नियम मला अर्धवट वाटतो. अंतर मोजायचं ते भोवरा संपतो तिथून. तो कुठे संपतो हे आधी माहीत नसतं, तर मोठ्या डोमेनवर जाड मेश घेऊन एकदा चालवून बघावं. त्याला फारसा वेळ लागत नाही.

इमारतींभोवतीच्या वाऱ्यासाठी मात्र बरेच अनुभव एकत्र करून तयार नियम केले आहेत. युरोपातल्या कॉस्ट ७३२ गटाच्या २००७ च्या मार्गदर्शिकेत आउटलेट इमारतीच्या मागे तिच्या उंचीच्या किमान १५ पट अंतरावर ठेवायला सांगितलं आहे. जपानच्या वास्तुशास्त्र संस्थेच्या २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांत तेच किमान १० पट आहे. ५० मीटरच्या इमारतीसाठी म्हणजे ७५० किंवा ५०० मीटर. सुरुवात करायला हे आकडे चांगले आहेत.

रिव्हर्स फ्लोची सूचना

फ्लुएंटवर काम करणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ पाहिलेली असते: प्रेशर आउटलेटच्या इतक्या फेसवर (पेशींच्या बाजूंवर) उलटा प्रवाह. गणिताच्या पहिल्या शे-पन्नास फेऱ्यांमध्ये (इटरेशन) ती आली आणि नंतर गेली, तर सोडून द्यावं. सुरुवातीचा अंदाज चुकीचा असतो, प्रवाह हळूहळू मार्गाला लागतो. ती शेवटपर्यंत टिकली तर मात्र थांबून विचार करायला हवा, कारण आता तुमच्या डोमेनमध्ये बाहेरून द्रव येतोय आणि तो कसा आहे हे तुम्हीच कुठेतरी भरलेलं आहे, किंवा भरायचं राहून गेलं म्हणून सॉफ्टवेअरने भरलेलं आहे.

उष्णतेचं गणित असेल तर हे फार महागात पडतं. फ्लुएंटमध्ये परत येणाऱ्या प्रवाहाचं तापमान सोडून दिलं तर ३०० केल्विन धरलं जातं, म्हणजे २७ अंश सेल्सिअस. नागपुरात मे महिन्यात उघड्यावर ठेवायच्या इन्व्हर्टरच्या पेटीचं गणित तुम्ही करताय, आउटलेटच्या एका कोपऱ्यातून हवा परत आत येते आहे, आणि ती २७ अंशांची आहे! पेटी कागदावर थंड राहणारच. टर्ब्युलन्सच्या, म्हणजे प्रवाहातल्या खळबळीच्या, मूल्यांचंही असंच: परत येणाऱ्या प्रवाहात अवास्तव टर्ब्युलन्स भरला की तो आत शिरून आउटलेटजवळचा सगळा भाग घट्ट दाट द्रवासारखा करून टाकतो.

वेगवेगळी सॉफ्टवेअरं यावर वेगवेगळं वागतात. सीएफएक्स या सॉफ्टवेअरमध्ये ‘आउटलेट’ निवडलं तर उलटा प्रवाह येईल तिथे ते तात्पुरती भिंत उभी करतं आणि तसं कळवतं. द्रव खरोखरच आतबाहेर होणार असेल तर तिथे ‘ओपनिंग’ निवडायचं असतं. ओपनफोममध्ये ‘इनलेटआउटलेट’ नावाची अट बाहेर जाताना उतार शून्य ठेवते आणि आत येताना तुम्ही दिलेलं मूल्य वापरते. भिंतीच्या उपायाबद्दल मी सावध राहीन. शेवटच्या निकालातही भिंत टिकून असेल तर तुम्ही सोडवलेला आकार तुम्ही काढलेल्या आकारापेक्षा वेगळा आहे.

उलट्या प्रवाहाने कधीकधी पूर्ण गणितच उडतं, आकडे अनंताकडे धावतात. त्याचं कारण समजून घ्यावं. बाहेर जाणारा द्रव आपली गतिज ऊर्जा घेऊन जातो, त्यामुळे हिशोब शांत होतो. उलट आत येणारा द्रव ऊर्जा घेऊन येतो, आणि वेगाचा उतार शून्य असेल तर किती ऊर्जा आणायची याला काही मर्यादाच राहत नाही. जेवढा जोरात आत येईल, तेवढी जास्त ऊर्जा आणेल. म्हणून रक्तप्रवाहाच्या गणितात फक्त उलट्या प्रवाहाच्या वेळी त्याला विरोध करणारं एक पद आउटलेटवर घालतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यात महाधमनीत काही क्षण प्रवाह खरोखरच उलटतो, तेव्हा तिथे आउटलेट लांब नेऊनही हा प्रश्न सुटत नाही.

दोन तोंडं असतील तर

इथे मला सगळ्यात जास्त थांबायचं आहे, कारण या चुकीत सूचना येत नाही, रेसिड्युअल सुंदर खाली जातात, चित्रंही छान येतात.

हृदयाला रक्त पुरवणारी एक धमनी घ्या, जी पुढे दोन सारख्या शाखांत फुटते. दोन्ही शाखांचा व्यास ३ मिलिमीटर. सीटी स्कॅनमध्ये एक शाखा ४ सेंटिमीटर दिसते, दुसरी ८ सेंटिमीटर. पुढचं अंधुक आहे म्हणून तिथे कापलं. दोन्ही आउटलेटवर दाब शून्य. रक्त कसं वाटलं जाईल?

मिनिटाला ६० मिलिलिटर रक्त ४ सेंटिमीटरच्या शाखेतून ढकलायला पॉइझ्वीयच्या सूत्राने सुमारे ७० पास्कल लागतात, म्हणजे पाऱ्याच्या अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. दुप्पट लांब शाखेला त्याच प्रवाहासाठी दुप्पट. दोन्ही टोकांना दाब सारखाच दिलाय, म्हणजे आखूड शाखेतून दुप्पट रक्त जाणार. वाटणी दोनास एक.

आता खरं शरीर बघा. हृदयातून निघताना सरासरी दाब पाऱ्याच्या ९० ते १०० मिलिमीटर असतो. त्यातला जेमतेम अर्धा-एक मिलिमीटर या दिसणाऱ्या शाखांत खर्च होतो. बाकीचा जवळजवळ सगळा पुढच्या बारीक धमनिका आणि केशवाहिन्यांत, म्हणजे नेमका आपण कापून टाकलेल्या भागात. पलीकडच्या भागासाठी प्रत्येक शाखेला त्याच प्रवाहात ९० मिलिमीटर दाब खर्च करणारा रोध (अडथळा) जोडला, तर एकीकडे एकूण ९०.५ आणि दुसरीकडे ९१. वाटणी जवळपास समसमान, फरक अर्ध्या टक्क्याचा. शरीर म्हणतं निम्मं-निम्मं, आपलं मॉडेल म्हणतं दोनास एक, आणि तो फरक आला कात्री कुठे चालली यावरून.

फायनाइट एलिमेंट या समीकरणं सोडवायच्या दुसऱ्या पद्धतीत तर हे आणखी लपून बसतं. तिथे आउटलेटवर काहीही लिहिलं नाही तरी गणित चालतं, आणि या अटीचं नावच ‘डू-नथिंग’. हेवूड, रानाखर आणि टुरेक यांनी १९९६ च्या लेखात दाखवलं, की काहीच न लिहिणं म्हणजे प्रत्येक आउटलेटवर सरासरी दाब शून्य असं गुपचूप लिहिणं.

मग करायचं काय? प्रत्येक आउटलेटला पलीकडच्या भागाचं छोटं मॉडेल जोडायचं. सगळ्यात साधं म्हणजे एक रोध: प्रवाह जास्त तर दाब जास्त. त्याच्या पुढचं म्हणजे विंडकेसल. जर्मन शरीरशास्त्रज्ञ ऑटो फ्रँक यांनी १८९९ मध्ये त्याचं गणित मांडलं. रोधाबरोबर त्यात धमन्यांचा लवचीकपणाही येतो, त्या ठोक्यासरशी फुगतात आणि मग रक्त पुढे ढकलतात. आज सीएफडीमध्ये त्याचं तीन घटकांचं रूप चालतं, आरसीआर नावाचं. या अटीवर रुग्णाचे निर्णय अवलंबून आहेत. सीटी स्कॅनवरून धमनीतल्या अडथळ्याची तीव्रता काढणाऱ्या हार्टफ्लो कंपनीच्या पद्धतीला अमेरिकेच्या एफडीए या अन्न व औषध नियामक संस्थेने २०१४ मध्ये मान्यता दिली. त्यात आउटलेटचे रोध हृदयाच्या स्नायूचं वस्तुमान आणि वाहिन्यांचा आकार यांवरून ठरवतात. पलीकडे काय आहे याचा विचार तिथे गणिताचा गाभाच आहे.

कारखान्यातल्या डक्टलाही हेच लागू. चार तोंडांच्या डक्टमध्ये चारही ठिकाणी शून्य दाब तेव्हाच खरा, जेव्हा चारही तोंडं त्याच खोलीत उघडतात. एका तोंडापुढे फिल्टर किंवा जाळी असेल तर तिचा रोध आउटलेटवर यायलाच हवा. चारही प्रवाह मोजलेले असतील तर तीन ठिकाणी प्रवाह द्या आणि चौथ्यावर दाब.

भोवरे बाहेर जाताना

गोल खांबामागे आळीपाळीने सुटणारे भोवरे हे काळाप्रमाणे बदलणाऱ्या प्रवाहाचं नेहमीचं उदाहरण. भोवऱ्याच्या मध्यावर दाब कमी असतो. तो शून्य दाबाच्या रेघेवर पोचला की त्याला तिथे शून्य व्हायला भाग पाडलं जातं, तो चेपतो आणि त्याचा धक्का त्याच क्षणी मागे खांबापर्यंत जातो. खांबावरच्या बलाच्या आलेखात मग भोवरा बाहेर पडण्याच्या लयीतच बारीक लाट दिसते.

यावर उपाय म्हणजे कन्व्हेक्टिव्ह अट. इसिडोरो ओर्लान्स्की यांनी १९७६ मध्ये मांडलेल्या कल्पनेतून ती रूढ झाली. आउटलेटवरची प्रत्येक गोष्ट एका ठरावीक वेगाने पुढे सरकतेय असं धरायचं. भोवरा आहे त्या आकारात रेघ ओलांडून जातो. ओपनफोममध्ये तिचं नाव ‘ॲडव्हेक्टिव्ह’. सरकण्याचा वेग म्हणून प्रवाहाचा सरासरी वेग घेतला तर बहुतेक वेळा चालतं. शेफर आणि टुरेक यांच्या १९९६ च्या कसोटीत खांबाचा व्यास ०.१ मीटर आहे आणि आउटलेट त्याच्या केंद्रापासून २ मीटर, म्हणजे २० व्यासांवर. रेनॉल्ड्स संख्या १०० ला त्यातली स्ट्रोहाल संख्या (भोवरे सुटण्याच्या लयीचं मोजमाप) ०.३ च्या आसपास यायला हवी. आपली आउटलेटची अट पारखायला हा नमुना उत्तम.

आवाज परत येतो तेव्हा

हवा दाबली जाते असं धरलं की ध्वनी खरा होतो आणि प्रश्नाचं रूप बदलतं. आता प्रवाहापेक्षा ध्वनीलहरी कोणत्या दिशेने जातात हे महत्त्वाचं. प्रवाह ध्वनीपेक्षा हळू असेल तर आउटलेटवर एक लहर बाहेरून आत येऊ शकते, म्हणून तिथे एकच गोष्ट द्यायची, सहसा दाब. प्रवाह ध्वनीपेक्षा वेगवान असेल तर बाहेरची कोणतीही बातमी आत येऊ शकत नाही, तेव्हा काहीही द्यायचं नाही. सगळं आतून घ्यायचं.

अडचण पहिल्या प्रकारात आहे. दाब ठाम बांधलेला आउटलेट उघड्या नळीच्या तोंडासारखा वागतो आणि येणारी लहर चिन्ह बदलून पूर्ण परत पाठवतो. वेग ठाम बांधलेला इनलेट बंद टोकासारखा वागतो. १ मीटरची नळी, ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटर: या दोन अटींनी तुमच्या संगणकात ८५ हर्ट्झची शिट्टी तयार झाली. ज्वलनकक्षाचं गणित करणाऱ्याला वाटेल ज्योत अस्थिर आहे, आणि ती शिट्टी निव्वळ आउटलेटने वाजवलेली असेल. पुआँसो आणि लेले यांनी १९९२ मध्ये मांडलेली पद्धत यासाठी वापरतात. त्यात आत येणारी लहर जवळजवळ शून्य ठेवतात आणि दाबाला ठरलेल्या मूल्याकडे हळूच ओढत राहतात. ओढ फार कमी असेल तर सरासरी दाब भरकटतो, फार जास्त असेल तर परावर्तन पुन्हा सुरू होतं. ती मधली किंमत आपल्या प्रश्नासाठी शोधावी लागते.

नदीचं खालचं टोक

उघड्या पाण्याचं गणित अगदी याच धर्तीवर चालतं, फक्त ध्वनीच्या जागी पृष्ठभागावरची लाट येते. संथ, खोल प्रवाहात लाट वरच्या दिशेने चढू शकते, म्हणून खालच्या टोकाची पाणीपातळी द्यावीच लागते. सांडव्यावरून सुसाट उतरणाऱ्या प्रवाहात ती चढू शकत नाही, तिथे खाली काही द्यायचं नाही. प्रयोगशाळेतल्या फ्ल्यूममध्ये, म्हणजे पाणी वाहवायच्या लांब कालव्यात, शेवटी टेलगेट नावाचं दार असतं, ते वरखाली करून पातळी जमवतात. खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रासारख्या ठिकाणी धरणांची आणि नद्यांची छोटी प्रतिरूपं बांधून अभ्यास होतो. तिथेही प्रतिरूप कुठेतरी संपतं आणि त्या टोकाला पाणी किती ठेवायचं हे ठरवावंच लागतं.

सांगली-कोल्हापूरच्या पुराची चर्चा याच प्रश्नाशी येऊन ठेपते. कृष्णेचं मॉडेल खाली अलमट्टी धरणापर्यंत नेलं तर तिथली पातळी हीच आउटलेटची अट. अलमट्टीची पूर्ण जलाशय पातळी ५१९.६० मीटर आहे आणि ती ५२४.२५६ मीटरपर्यंत नेण्याचा प्रस्ताव आहे. पण पुराच्या दिवसांत दारं उघडी असतात, येणारा विसर्ग तासातासाला बदलतो, आणि जलाशयाची पातळीही. एकच स्थिर आकडा घालून काढलेलं उत्तर आणि त्या दिवसांतली तासागणिक पातळी घालून काढलेलं उत्तर वेगळं येऊ शकतं. म्हणून या विषयावरचा कोणताही अहवाल हाती आला तर आधी खालच्या टोकाला काय धरलंय ते पान उघडावं.

स्वतःचं आउटलेट तपासताना

पहिली तपासणी वस्तुमानाची: जेवढं आत, तेवढं बाहेर, फरक एक टक्क्याच्या खूप खाली. हे जुळलं म्हणजे अट बरोबर आहे असं नाही, पण जुळलं नाही तर पुढे बघण्यात अर्थ नाही. मग आउटलेटच्या छेदावर वेग आणि दाब यांचं चित्र काढा. बरेच जण मधल्या भागाची चित्रं काढतात आणि या छेदाकडे बघतही नाहीत. तिथे उलटे बाण, दाबाचे ठिपके किंवा भोवऱ्याचा अर्धा तुकडा दिसला तर रेघ चुकीच्या जागी आहे.

खरी परीक्षा एकच: आउटलेट हलवायचं. डोमेन दीडपट लांब करायचं आणि आपल्याला हवा असलेला आकडा, मग तो दाबातली घट असो, बल असो किंवा तापमान, किती बदलला ते बघायचं. मेश बारीक करून तपासायची सवय बहुतेकांना असते, आउटलेट हलवून तपासायची नसते, आणि अनेकदा दुसरा फरक पहिल्यापेक्षा मोठा निघतो. जिथे लांब करणं शक्यच नाही, जसं धमनीत, तिथे पलीकडच्या रोधाचा आकडा वीस टक्के वरखाली करून बघा. उत्तर किती हलतं ते अहवालात लिहा. त्याबरोबर अटीचा प्रकार, अंतर आणि परत येणाऱ्या प्रवाहाची मूल्यंही लिहा.

शिकणाऱ्यांनी गार्टलिंग यांची पायरी हातात घ्यावी. द्विमितीय आहे, साध्या लॅपटॉपवर चालते. आधी ३० उंचीचं डोमेन घ्या, मग १५, मग ७. तिन्ही वेळा तीन आकडे लिहून काढा: खालचा भोवरा कुठे संपतो, वरचा कुठे सुरू होतो, कुठे संपतो. ६.१, ४.८५ आणि १०.४८ शी ताडून बघा; ७ च्या डोमेनमध्ये शेवटचा आकडा मिळणारच नाही, तो रेघेच्या पलीकडे आहे. मग ७ वरच शून्य दाबाऐवजी सरासरी दाबाची अट लावून पुन्हा चालवा.